फियाटचं पोट

मंडळी, जुन्या वाड्यांबद्दल, देवळांबद्दल, शाळांबद्दल आपण सगळेच लिहितो. मी आज एका गाडीबद्दल लिहिणार आहे, आणि तेही वरून नव्हे, खालून. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आमच्याकडे फियाट ११०० डिलाइट आहे, १९७० सालची. ती रस्त्यावर आली तेव्हा आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात होतं. 'कर्नाटक' हे नाव पडलं १ नोव्हेंबर १९७३ ला. त्यामुळे आमच्या गाडीचा नंबर अजून 'एमवाय'नं सुरू होतो. गोवावेसच्या सर्कलला उभी असली की कॉलेजची पोरं विचारतात, "अंकल, हा कुठल्या स्टेटचा नंबर हो?" मी सांगतो, "जे स्टेट आता नाही, त्याचा."

बाबांनी ती १९७९ मध्ये एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली. नवीन फियाटला तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. बाबा डॉक्टर होते. शहापुरात दवाखाना आणि आठवड्यातून दोन दिवस खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत फेरी. नंदगड, जांबोटी, कधी रात्रीबेरात्री पार कणकुंबीपर्यंत. तो सगळा तांबड्या मातीचा आणि मुसळधार पावसाचा मुलूख. जून ते सप्टेंबर गाडी घरी यायची ती खालून तांबडी होऊनच. वर्षातून एकदा कुलदेवीला, कवळ्याला. तेव्हा खानापूर, लोंढा, रामनगर, मग अनमोडचा घाट उतरून मोले आणि फोंडा. देवदर्शन झालं की आम्हा भावंडांचा हट्ट म्हणून मिरामारला समुद्र. गाडी वाळूला लागून उभी, दारं उघडी, आणि आत आम्ही ओल्या चड्ड्यांनी बसलेले.

बाबा दर रविवारी गाडी धूत. बादली, फडकं, टपापासून चाकापर्यंत. त्या काळात सगळेच तशी धूत. खाली पाइप मारून चिखल काढणं हे काम लॉरीवाल्यांचं समजलं जाई. चाकाच्या कमानीत बसलेला चिखल तसाच राही, वाळे, पुढच्या पावसात परत भिजे. चिखल ओल धरून ठेवतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पत्र्याच्या बाबतीत ते लक्षात यायला चाळीस वर्षं लागली.

इथे फियाटच्या बांधणीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जीप किंवा लॉरीला खाली जाड लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासी गाडीला पेलते. फियाटचं तसं नाही. इटलीत १९५३ साली ही ११०० निघाली तीच वेगळ्या चासीशिवाय. तळाचा पत्रा, मधला बोगदा, दारांखालचे उंबरे, खांब, टप, हे सगळं मिळून एकच पेटी, आणि ती पेटी म्हणजेच चासी. ॲम्बेसेडरही तशीच. त्यामुळे अशा गाडीचा तळ ही नुसती पाय ठेवायची जागा नव्हे. घराला जसा पाया आणि तुळया, तसा तो आहे. डेंटर लोक दाराखालच्या भागाला 'सिल' म्हणतात, मी उंबरा म्हणतो. तो पोकळ असतो, आत एक पत्रा, बाहेर एक पत्रा. दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी दारातून खाली येतं, उंबऱ्याच्या आसपास मुरतं आणि त्याच्या तळाला ठेवलेल्या छोट्या भोकांतून निघून जातं. ती भोकं चिखलानं बुजली की पाणी आतच राहतं. मग उंबरा आतून बाहेर सडत येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

२०१४ साली बाबांनी गाडी पूर्ण रंगवून घेतली. त्यांचं वय तेव्हा ८१. गाडी चालवणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती, पण रोज सकाळी कव्हर काढून एक फेरी मारून बघत. गॅरेज त्यांनीच शोधलं, भाव त्यांनीच केला, पैसे स्वतःच्या पेन्शनीच्या ठेवीतून दिले. अडीच महिन्यांनी गाडी आली ती हस्तिदंती रंगात आरशासारखी. खाली काळंभोर डांबरी कोटिंग मारलेलं. गॅरेजवाल्यानं सांगितलं, "डॉक्टर, खालून पॅक करून टाकलीय. आता वीस वर्षं बघायला नको." बाबा येईल त्याला गाडी दाखवत. दूधवाल्याला, पोस्टमनला, पेशंटला. गुडघा धरत धरत वाकून खालचं काळं कोटिंगसुद्धा दाखवत. पुढच्या वर्षी ते गेले. आईला बरं वाटायचं ते एवढंच, की जाताना त्यांची गाडी त्यांच्या मनासारखी झालेली होती.

त्यानंतर गाडी मी चालवू लागलो. मी आयटीआयमध्ये टर्नरचा इन्स्ट्रक्टर होतो, २०१८ ला रिटायर झालो. लोखंडाशी माझी ओळख होती, पण लेथवरच्या लोखंडाशी. पत्र्याचं शास्त्र वेगळं आहे.

जानेवारी २०२० मध्ये खानापूर रोडला डावं मागचं चाक पंक्चर झालं. आई शेजारी बसलेली, तिला आधी खाली उतरवलं. जॅक उंबऱ्याखाली लावला आणि फिरवायला लागलो. जॅक वर चढत होता, गाडी चढत नव्हती. आधी वाटलं जमीन मऊ आहे. खाली दगड होता. मग वाटलं जॅक घसरतोय. तेवढ्यात सुक्या पापडासारखा आवाज आला आणि जॅकचं डोकं चार बोटं उंबऱ्याच्या आत गेलं. काळ्या कोटिंगचा एक मोठा खपला निखळून रस्त्यावर पडला. त्याच्यामागोमाग मूठभर तांबडा भुगा. त्यात माती किती आणि लोखंड किती ते ओळखू येत नव्हतं.

एका ट्रॅक्टरवाल्यानं फळी घालून मागच्या ॲक्सलखाली जॅक लावून दिला म्हणून घरी आलो. येताना ताशी वीसच्या वर गेलो नाही.

उद्यमबागेच्या मागच्या बाजूला एक म्हातारे डेंटर आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. पूर्वी लॉरीच्या केबिनी बांधायचे. त्यांच्याकडे खड्डा आहे, म्हणजे गाडी वर उभी करून माणूस खाली उतरतो तो. चाचांनी गाडीखाली जाऊन बॅटरी लावली नाही की काही नाही. हातोडीचा मागचा दांडा घेतला आणि तळाला ठोकत पुढून मागे गेले. चांगल्या पत्र्यावर 'टण्' वाजायचं, बाकी ठिकाणी 'थप्'. पहिली दहा मिनिटं मी टण् मोजत होतो. नंतर मोजणं सोडलं.

"सर, खाली या. बघालासा काय वरनं?"

मी उतरलो. त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं, स्पीकरमधलं असतं तसं. ड्रायव्हरच्या पायाखाली लावलं, चिकटलं. आईच्या बाजूला लावलं, खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता, लांबी होती. चाचांनी स्क्रूड्रायव्हरनं डांबर खरवडलं, लांबीचा थर फोडला, तेव्हा आतून गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा निघाला. चपटा करून, चार रिव्हेट मारून सडक्या कडांवर ठोकलेला. डब्यावर छापलेलं सूर्यफूल अजून पिवळंजर्द होतं.

"हे काय पत्रा हाय काय सर? पापड हाय पापड. त्येच्यावर लोणी लावून ठेवलंय."

तळाला अशी ठिगळं सहा निघाली. डावा उंबरा तर आतून रिकामा होता. पण चाचा थांबले ते तिसऱ्याच जागी. मागच्या पाट्यांचा पुढचा डोळा जिथे बोल्टनं बॉडीला बसतो तिथे. तिथलं चॅनेल कागदासारखं झालं होतं आणि त्यालाही डांबर फासलेलं. मागच्या चाकांचा सगळा जोर, गाडी पुढे ढकलताना आणि ब्रेक मारताना, त्या एका बोल्टमधून बॉडीत जातो. तो सुटला तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी रस्ता सोडते. चाचांनी विचारलं, "इतक्यात घाटात गेलतासा काय?" नोव्हेंबरात आम्ही कवळ्याला जाऊन आलो होतो. आई, मी, बायको आणि मागे दोन नातवंडं. मी काहीच बोललो नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

त्या डांबराबद्दल चाचांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः पडताळून पाहिलं. चांगल्या, कोरड्या, रंग दिलेल्या पत्र्यावर असं कोटिंग उपयोगी पडतं. गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर ते गंजाला थांबवत नाही, झाकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगला की कोटिंग आतून सुटतं, मध्ये फट पडते, फटीत पाणी शिरतं आणि वाळायला वाव राहत नाही. उघडा राहिला असता तर त्या पत्र्यानं आणखी काही वर्षं काढली असती, आणि मुख्य म्हणजे दिसला असता.

घरी आलो आणि पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, भंगारात दे. फोटो काढून ठेव मोठा फ्रेम करून." त्याचं चूक नव्हतं. चाचांनी अंदाज दिला होता साठ हजारांच्या आसपासचा, शिवाय पत्रा आणि ब्रेकचे पाइप वेगळे. तेवढ्यात चांगली वापरलेली मारुती आली असती. त्यात घराच्या मागच्या पडवीचे वासे त्याच वर्षी बदलायचे होते. आणि गाडीच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही त्याच वर्षी येत होतं.

पण माझ्यापुढचा खरा प्रश्न पैशाचा नव्हता. आईला काय सांगायचं, हा होता. 'तळ सडलाय' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, 'चौदा साली केलं होतं ना?' मग तेलाचा डबा सांगावा लागणार. म्हणजे बाबा शेवटच्या वर्षी ज्या गोष्टीवर एवढे खूश होते, ती त्यांच्या डोळ्यांत धूळ होती, हे त्यांच्या बायकोला मी सांगायचं. दोन दिवस मी 'पंक्चरवाल्यानं वेळ लावलाय' म्हणून काढले.

तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं. "माझ्या पायाखालचंच गेलंय ना?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"पावसात पाय ओले व्हायचे की. मॅटखाली चुबुक चुबुक वाजायचं. रंग देऊन आणल्याच्या पुढच्या जूनपासनं."

तेव्हा मला ते गोणपाट आठवलं. आई गाडीत बसताना नेहमी घडी घातलेलं गोणपाट पायाखाली घ्यायची. आम्हाला वाटायचं, बाबांच्या नव्या मॅटला चपलेची माती लागू नये म्हणून. पुढच्या काचेचं रबर नीट बसलेलं नव्हतं, तिथून येणारं पाणी डाव्या बाजूला साठत होतं, आणि ती ते पाणी गोणपाटात मुरवून घरी आल्यावर मागच्या दोरीवर वाळत घालत होती. बाबांना दिसू नये म्हणून मागच्या.

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगायचं? रोज वाकून वाकून दाखवालेत लोकांना. एवढं आजारी माणूस. राहू दे म्हटलं, पाय काय, पुसले की झालं."

मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनी पैसे मोजले ते तळाचे पण मोजले होते. काम अर्धं राहिलंय. पुरं करून घे."

पडवीचे वासे पुढच्या वर्षावर गेले.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. आता ज्यांच्याकडे जुनी फियाट, ॲम्बेसेडर उभी आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. ज्यांना रस नसेल त्यांनी दोन-तीन परिच्छेद ओलांडावेत.

सगळ्यात आधी बॅटरी सोडली आणि पेट्रोलची टाकी काढून शेडच्या बाहेर नेली. वेल्डिंगच्या गाडीत टाकी ठेवणाऱ्या माणसाला चाचा दारातही उभं करत नाहीत. सीट, मॅट, खालचं तागाचं नमदं, सगळं बाहेर. नमदं उचललं तर वजनानं दुप्पट. पाणी पिऊन बसलेलं. मग दोन दिवस नुसतं खरवडणं. डांबर निघेपर्यंत कुठलाही डेंटर खरा खर्च सांगू शकत नाही, हे तेव्हा कळलं. जो न खरवडता सांगतो तो झाकणार आहे असं समजावं.

मग माझं काम. मी ग्राफ पेपरवर तळाचा नकाशा काढला आणि तीन रंगांत खुणा केल्या: ठीक, पातळ, गेलेला. गाडी सपाट जागी घोड्यांवर घेतली, पुढच्या आणि मागच्या ठरलेल्या बोल्टांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूनं फुल्या केल्या आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजले. फरक निघाला चार मिलिमीटर, म्हणजे पेटी अजून फारशी वाकडी झाली नव्हती. ही मोजणी कापण्याआधी करावी लागते. एकदा उंबरा कापला की गाडी मधून बसते, आणि वाकलेल्या अवस्थेतच नवा पत्रा जोडला तर दारं आयुष्यभर लागत नाहीत. म्हणून दाराच्या दोन खांबांमध्ये एक इंची चौकोनी पाइप टाके मारून आडवा बसवला. आणि एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला ग्राइंडर लावायचा नाही, हा चाचांचा नियम.

पत्रा उद्यमबागेतूनच आणला. उंबऱ्याला आणि पाट्यांच्या चॅनेलला १८ गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तळाला २० गेज. मी आधी गॅल्व्हनाइज्ड घेऊ म्हणत होतो, गंजणार नाही म्हणून. चाचांनी हात जोडले. जस्ताचा थर वेल्डिंगच्या आचेवर जळतो, त्याच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. तरुणपणी त्यांनी तो ताप पुष्कळ काढला होता. साधा सीआरसी पत्राच आणला. उंबऱ्याचे मोड एका प्रेसवर मारून मिळाले. पण फियाटच्या तळाला लांब उभट वळ्या आहेत, त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. सपाट पत्रा टाकला असता तर चालताना डबा वाजल्यासारखा वाजला असता. चाचांनी सागाच्या ओंडक्यात खाच कोरली, पत्रा वर धरला आणि गोल तोंडाच्या हातोडीनं एकेक वळी ठोकून काढली. एका वळीला अर्धा तास. मी बाजूला उभा राहून बघत होतो. तीस वर्षं मी पोरांना मायक्रोमीटर शिकवला. या माणसाच्या हातात काही मोजायचं साधन नव्हतं, आणि वळ्या जुन्या वळ्यांना जुळत होत्या.

जोडकाम सीओटूनं. गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा फार तापतो आणि वाकतो. इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग परत मागे, पत्रा निवायला वेळ देत. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती भरून घेतली. शेजारी ओलं पोतं आणि वाळूची बादली कायम. आणि रोज संध्याकाळी, कितीही उशीर होवो, त्या दिवशी जेवढा पत्रा उघडा झाला तेवढ्याला प्रायमरचा हात. "उघड्या पत्र्यानं रात्र बघायची नाही," असं म्हणत चाचा स्वतः ब्रश घेत. मला ते शिस्तीचं वाटलं. पुढे कळलं की त्या सवयीनं गाडी वाचली.

कारण डावी बाजू पूर्ण झाली, पाट्यांची चॅनेलं झाली, उजवा उंबरा कापून बाहेर काढला, आणि २५ मार्चपासून देश बंद झाला.

गाडी शेडमध्ये घोड्यांवर, एक कूस उघडी. शेडला तीनच भिंती. चाचांना घराबाहेर पडायची सोय नाही, मला तर नाहीच. एप्रिल गेला. बेळगावला वळीव येतो तो आडवा येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझी अवस्था कळेल. मे सुरू झाला की मला फक्त जून दिसत होता. त्या काळात लोकांची काय काय दुःखं होती, त्यापुढे गाडी म्हणजे काहीच नाही. पण तासन् तास घरात बसलेल्या माणसाच्या डोक्यात काहीतरी एकच फिरतं. आई मला रात्री म्हणायची, "चाचांना फोन कर. गाडीचं नको विचारू. त्यांचं विचार." मी करायचो. त्यांचा मुलगा गोव्यात एका शोरूमला कामाला, तिकडेच अडकलेला. चाचा म्हणायचे, "पोरगं म्हणतंय, अब्बा, आमच्याकडे ठोकत कोण नाही. खराब झालं की बदलतात." मग थोडा वेळ गप्प. मग तेच म्हणायचे, "सर, प्रायमर मारलाय. काय होत नाही."

मे संपता संपता जायला मिळालं. मी आधी गाडीच्या खाली गेलो. कापलेल्या कडांवर कुठे कुठे तांबूस छटा आली होती, बोटानं पुसली जाईल एवढी. प्रायमरखाली पत्रा जसाच्या तसा. जूनच्या पावसाला सुरुवात होताना उजवा उंबरा बसला. पुन्हा ओळंबा सोडून कर्ण मोजले. फरक तीन मिलिमीटर. दारं बोटाच्या धक्क्यानं लागत होती.

शेवटचा थर देताना मात्र मीच आग्रह धरला, काळं डांबर नको. जोडांवर सीलर, जस्ताचा प्रायमर, वर साधा राखाडी रंग. राखाडीवर गंजाचा ठिपका लगेच दिसतो, काळ्यावर दिसत नाही. उंबऱ्यांच्या पोकळीत पातळ मेणाचं औषध नळीनं सोडलं, तळाची भोकं तारेनं उघडी करून. पुढच्या काचेचं रबर नवं. खालून जाणारे ब्रेकचे पाइप नवे. कागदपत्रांची मुदत सरकारनं त्या वर्षी वाढवली होती, त्यामुळे पासिंग निवांत झालं. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. आम्हाला आईला घेऊन बाजारात आणि देवाला जायचं होतं. नेहमीचीच नोंदणी ठेवली.

सगळा मिळून खर्च ७४ हजार झाला. भावानं न सांगता निम्मे पाठवले.

त्या २०१४ च्या गॅरेजात मी गेलो नाही. जाऊन काय झालं असतं, मला ठाऊक होतं. तेलाच्या डब्याचा तो तुकडा मात्र काही दिवस मी ठेवला होता. एक दिवस आईनं तो बघितला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "यांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, सूर्यफूल तरी चांगलं आहे." आणि आम्ही दोघंही हसलो. बाबा तसंच म्हणाले असते. मग तो भंगारवाल्याला दिला.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची मुदत संपली. आमच्या डिलाइटचीच ती धाकटी बहीण. टीव्हीवर लोक टॅक्सीला हार घालत होते, टपावर हात फिरवत होते. चाचांचा फोन आला. "सर, बघालाय काय टीव्ही? सगळे वरनंच बघालेत." एवढंच म्हणाले.

आता ज्यांच्या घरी अशी गाडी कव्हराखाली उभी आहे, मग ती मापुशात असो, इंदूरला असो की वडोदऱ्याला, त्यांना माझं एकच सांगणं आहे. रंगाकडे नंतर बघा. आधी मॅट उचला, नमद्याला हात लावून बघा ओलं आहे का. चुंबक घ्या, तळाला आणि उंबऱ्यांना लावत जा. पावसाळ्यानंतर एकदा खालून साध्या पाण्यानं कमानी धुऊन काढा, आणि तारेनं ती छोटी भोकं मोकळी करा. समुद्रावरून आलात तर त्याच दिवशी धुवा. आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा, पाय ओले होतात का. ते आपणहून सांगतीलच असं नाही.

आमची आई आता ८६ वर्षांची आहे. गेल्या पावसात तिला घेऊन कॅम्पातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो, बाहेर धो धो. घरी आल्यावर मी मॅट उचलून बघितलं, खडखडीत कोरडं. तिला दाखवलं. तिनं बघितलं, "बरं झालं" म्हणाली, आणि पायाखालचं गोणपाट घडी करून काखेत घेऊन घरात गेली.